आर्जव आणि आक्रोश
बायबलातील स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांत केवळ स्तुती नाही. देवाने पाठ का फिरवली, असा रोकडा जाबही आहे. तुकोबांचे विठ्ठलाशी भांडण ऐकलेल्या मराठी मनाला हा सूर परका वाटू नये. दुष्काळात मातापित्यांना मुकलेल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि केडगावी राहून सगळे बायबल सामान्य स्त्रियांना उमजेल अशा मराठीत आणले. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा निवर्तली; तरी १९२२ मधील स्वतःच्या निधनापर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही. दुःख गिळून म्हटलेली प्रार्थनाच तेवढी खरी, असे ही स्तोत्रे मानीत नाहीत. चुलीपुढे पदराने टिपलेले अश्रूही उपासनेत रुजू होतात, हेच त्यांचे नित्याच्या संसाराला सांगणे आहे.