वेताळ, बहादूर आणि त्यांचा काळ
महानायकांच्या चित्रकथांचे स्वागत काळाच्या राजकारणाप्रमाणे बदलते. कॅप्टन अमेरिकाने १९४१ मध्ये हिटलरला ठोसा मारला आणि तो गाजला; १९५४ मध्ये साम्यवाद्यांशी लढणारा तोच नायक काही अंकांतच बंद पडला. भारताकडे वळलो तर, मुंबईच्या टाइम्स समूहाचे इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाले. त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’, मराठीतही आला. त्याच्यासारख्या गोऱ्या माणसाने आफ्रिकेचे जंगल राखावे, हा साचा मुळात वसाहतवादीच. त्याच्या देशाचे बंगालची आठवण देणारे मूळ नाव मात्र भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ झाले. इंद्रजालमधलाच आबिद सुरतींचा बहादूर १९७६ चा. चंबळच्या अनेक दरोडेखोरांनी १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रे ठेवली होती. त्यामुळे दरोडेखोराचा मुलगा बहादूर गावकऱ्यांचे सुरक्षा दल उभारतो, ही गोष्ट वाचकाला ओळखीची होती. मुखवटा नसलेला, कुर्ता आणि जीन्स घालणारा हा नायक खरोखर इथला होता.