जठराची दुर्बिणीने तपासणी : कर्करोगाच्या आधीची पायरी



आरोग्याच्या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी सूचना आली, तेव्हा आम्ही मुद्दामच न दुखणारा विषय निवडला. पोट दुखले की माणूस दवाखान्यात जातो, निदान ओवा तरी चावतो. परंतु जठराचा कर्करोग होण्यापूर्वी जठराच्या आतल्या अस्तरात जे बदल होतात, ते बहुधा दुखत नाहीत. कित्येक वर्षे ते गुपचूप चालू असतात. "पित्ताचा थोडा त्रास आहे, बाकी काही नाही," असे सांगणाऱ्याच्या पोटातही ते असू शकतात आणि पित्ताचा त्रास अजिबात नसलेल्याच्याही.

हे बदल एका क्रमाने होतात. प्रथम अस्तराला दीर्घकाळ सूज राहते. पुढे ते झिजून पातळ होते. मग जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखे अस्तर उगवते. याला डॉक्टर 'इंटेस्टाइनल मेटाप्लेशिया' म्हणतात. त्यानंतर पेशींची ठेवणच बिघडते, ती 'डिस्प्लेशिया'ची अवस्था, आणि शेवटी कर्करोग. पेलायो कोरिया या शास्त्रज्ञाने १९७५ साली ही साखळी मांडली. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, साखळीच्या सुरुवातीला असलेली बहुतेक माणसे शेवटापर्यंत जातच नाहीत.

सुजेचे मुख्य कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, अशी पूर्वी समजूत होती. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल यांनी १९८४ साली या जंतूचे पाणी स्वतःच प्यायले आणि आपल्या जठराला सूज आल्याचे दाखवून दिले. (विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी करू नये!) त्यांना व रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९९४ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला कर्करोगकारक ठरविले होते. जपानमध्ये १,५२६ रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. जंतू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही नाही. हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात लागतो. दाटीवाटीची वस्ती आणि अस्वच्छ पाणी असेल तेथे तो अधिक आढळतो. म्हणजे हा काही कोणाच्या वागण्याचा दोष नव्हे.

आता दुर्बिणीकडे वळू. करंगळीएवढ्या जाडीची लवचीक नळी तोंडावाटे जठरात सोडतात. टोकाशी दिवा व कॅमेरा असतो. तपासणीला उपाशी पोटी यावे लागते, घशाला बधिर करणारा फवारा मारतात, थोडी उलटीची भावना होते, आणि काही मिनिटांत काम आटोपते. परंतु "लवकर आटोपले" ही नेहमीच चांगली बातमी नसते. झिजलेल्या अस्तरातील बदल फिके आणि सपाट असतात. फेस आणि चिकट स्राव धुऊन काढल्याशिवाय ते दिसत नाहीत. सावकाश पाहणाऱ्या डॉक्टरांना धोक्याचे बदल सुमारे दुप्पट वेळा सापडले, असे सिंगापूरच्या एका अभ्यासात आढळले. म्हणून या तपासणीला पुरेसा वेळ द्यावा. आता निळ्या-हिरव्या प्रकाशात पाहण्याची सोय असलेल्या दुर्बिणीही आहेत. त्यात रक्तवाहिन्या आणि अस्तराची नक्षी स्पष्ट दिसते.

तरीही नुसत्या नजरेवर भागत नाही. तुकडे काढावे लागतात. "तुकडा काढला की रोग पसरतो" ही भीती आम्ही पुष्कळ घरांत ऐकतो. ती खोटी आहे. तांदळाच्या कणीएवढे हे तुकडे असतात आणि काढताना दुखत नाही. सिडनी पद्धतीप्रमाणे पाच ठिकाणचे तुकडे घेतात : जठराच्या खालच्या भागातून दोन, वळणावरून एक आणि वरच्या मोठ्या भागातून दोन. वेगवेगळ्या भागांतले तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवले, तरच झीज कोठवर पसरली आहे ते कळते.

म्हणून उद्यापासून सर्वांनी दुर्बीण करून घ्यावी काय? नाही. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी ही तपासणी होते, कारण तेथे हा कर्करोग फार. भारतात मिझोराममध्ये त्याचे प्रमाण मोठे आहे. महाराष्ट्रात त्यामानाने पुष्कळच कमी. परंतु वजन उतरत असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, रक्त कमी झाले असेल, घास अडकत असेल, वारंवार उलट्या होत असतील, किंवा उतारवयात पोटाची नवीनच तक्रार सुरू झाली असेल, तर पित्ताच्या गोळ्यांवर महिने काढू नयेत. ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, त्यांनी त्रास नसतानाही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अहवालात मेटाप्लेशिया आला, तर घरात रडारड होते, नाहीतर कागद पेटीत जातो. दोन्ही चूक. हॉलंडमधील मोठ्या पाहणीत असे बदल असलेल्यांपैकी १०० मागे सुमारे २ जणांना दहा वर्षांत कर्करोग झाला. तीव्र डिस्प्लेशियात मात्र हेच प्रमाण १०० मागे ३३च्या जवळ जाते. त्यामुळे पहिले काम जंतूची तपासणी आणि तो असल्यास औषधांचा पूर्ण कोर्स; बरे वाटले म्हणून मध्येच सोडायचा नाही. जंतू गेला की नाही हे पुन्हा तपासून घ्यायचे. बदल जठराच्या दोन्ही भागांत पसरले असतील, तर दर तीन वर्षांनी दुर्बीण करावी, असे युरोपातील तज्ज्ञ सांगतात. डिस्प्लेशियाचा डाग वेळीच दिसला, तर तो बहुधा दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो आणि जठर शाबूत राहते. तंबाखू सुटली पाहिजे, खारवलेले पदार्थ कमी झाले पाहिजेत, हे ओघानेच आले.

विद्यार्थी मित्रांनो, अहवाल इंग्रजीत येतो आणि आपल्या अनेक घरांत तो तुम्हालाच वाचावा लागतो. अॅट्रोफी, मेटाप्लेशिया, डिस्प्लेशिया हे तीन शब्द त्यात शोधा आणि आईवडिलांबरोबर डॉक्टरांकडे जाऊन विचारा : बदल एकाच भागात आहे की दोन्ही? जंतू सापडला का? पुन्हा कधी यायचे? मग त्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवा आणि पुढच्या तपासणीला सोबत न्या. मागच्या खेपेला तुकडे कोठून घेतले होते ते त्यावरूनच कळते.