चाल कागदावर कशी उतरवायची?

सोनईहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज कर्ज, हप्ते, व्याज काही नाही. आज गाण्याचं बोलायचंय.

आमच्या गटात एक आजी आहेत. त्यांना जात्यावरच्या ओव्यांच्या चार चाली येतात. ओव्यांचे शब्द आम्ही वहीत केव्हाच लिहून घेतले होते आणि काम झालं असं समजून बसलो होतो. मग गटातल्या दुसऱ्या एक म्हाताऱ्या सदस्य वारल्या. त्यांच्या ओव्यांची वही काढली तर शब्द सगळे जागेवर, पण चाल कुणालाच येईना. एक म्हणते अशी होती, दुसरी म्हणते तशी. इथून जवळच नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, अशी परंपरा आपण सांगतो. आमच्या वहीत शब्दांचा सच्चिदानंद होता, सुरांचा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवर रेकॉर्ड करा की. ते तर आधी कराच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरींचा आवाजही जपला गेलाय. पण शिकायला बसलेल्या मुलीला आणि भजनी मंडळाच्या पेटीवालीला समोर कागदही लागतो.

आमच्या एका सदस्याची मुलगी कॉलेजात गिटार शिकते. तिने टॅब दाखवला. सहा तारांच्या सहा आडव्या रेघा. रेघेवर ३ लिहिलं की त्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी बोट ठेवायचं, ० म्हणजे तार मोकळी. सारेगम न येणारीलाही जमतं. तिने आजींची पहिली चाल अशीच आकड्यांत लिहून व्हॉट्सॲपवर टाकली. आमच्या मोबाईलवर रेघा वेड्यावाकड्या झाल्या, आकडे एका तारेवरून दुसऱ्या तारेवर गेले. शिवाय कुठला सूर किती वेळ धरायचा, हे त्यात नव्हतंच. भातखंड्यांच्या लिपीत मात्रा नीट मांडता येतात, कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. पण ती लिहायला आधी स्वर ओळखता यायला हवेत, आणि ते आमच्यात एकीलाच येतं.

म्हणून सॉफ्टवेअर शोधलं. गिटार प्रो नावाजलेलं आहे, पण विकत घ्यावं लागतं. टक्सगिटार आणि म्युझस्कोर फुकट आहेत, एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. म्युझस्कोरचं लिहिण्याचं साधन फुकट आहे, पण त्याच नावाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्यांनी लिहिलेली पानं उतरवायला वर्गणी मागतात. दोन्ही वेगळं आहे. आमच्या एकीने कुठल्याशा ॲपवर ‘सात दिवस मोफत’ वाचून कार्डाचा नंबर दिला आणि आठव्या दिवशी पैसे कापले गेले. घरात काय बोलणी खाल्ली, ते सांगत नाही.

दोन्ही साधनं आठवडाभर वापरली. टक्सगिटार हलकं आहे, गिटारवाल्या मुलीला तेच आवडलं. आम्ही म्युझस्कोर ठेवलं, कारण त्यात टॅबखाली एका ओळीत ओवीचे शब्द आणि दुसऱ्या ओळीत सारेगम लिहिता येतं. म्हणजे पेटीवालीलाही तोच कागद. तुम्ही घ्याल तेव्हा एक ओवी देवनागरीत टाकून आधी छापून बघा, जोडाक्षरं फुटली तर फाँट बदला. मोबाईलवरचं त्यांचं ॲप पानं बघण्या-ऐकण्यापुरतं आहे, लिहायला लॅपटॉपच लागतो.

पण खरी परीक्षा वेगळीच झाली. आजींना लिहिता-वाचता येत नाही. त्या कागद काय तपासणार? मुलीने बटण दाबलं, लॅपटॉपने चाल वाजवली. आजी म्हणाल्या, “ही माझी न्हाई. मी हितं थांबते.”

वेग कमी करून पुन्हा लावलं. तिसऱ्या शब्दानंतर आजी खुंटा ओढताना दम घेतात, तेवढी जागा आम्ही लिहायची विसरलो होतो. ती घातली, पुन्हा ऐकवली. चौथ्या वेळी आजींचा हात आपोआप जातं फिरवल्यासारखा गोल फिरायला लागला. साधन निवडताना लिहिलेलं वाजवून दाखवतं का आणि हळू वाजवतं का, हे आम्ही आता सगळ्यात आधी विचारतो. नाहीतर जिची चाल आहे तीच बाजूला राहते.

एक उणीव आहेच. आजी दोन सुरांच्या मधून झोका घेत जातात. गिटारची तार ओढून थोडं तसं करता येतं, टॅबमध्ये त्याची खूणही आहे, पण तो झोका हुबेहूब उतरत नाही. म्हणून प्रत्येक पानाला जो नंबर, तोच नंबर आजींच्या रेकॉर्डिंगला दिलाय. पान उघडलं की आवाजही ऐकायचा, असं ठरलंय. दोन्हीची एक प्रत पेनड्राइव्हवर, गटाच्या पेटीत.

दोन चाली झाल्यात. तिसरी अडलीये. आजी म्हणतात, ती धाकट्या बहिणीला जास्त नीट येते. बहीण राहुरीला असतात, दिवाळीनंतर येणार आहेत. लॅपटॉप त्या दिवसासाठी आत्ताच सांगून ठेवलाय.