शाळा सरकारची, गाव आपला

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



उत्सवाच्या प्रसंगी केलेल्या कामांचा पाढा वाचण्याची रीत आहे. आम्ही मात्र आपल्या एका फसलेल्या कामापासून सुरुवात करणार आहोत. काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातील एका सरकारी प्राथमिक शाळेला आपल्या न्यासाने तीन संगणक दिले. नारळ फुटला, छायाचित्रे निघाली, ती अहवालातही छापली. पुढच्या श्रावणात आम्ही सहज त्या शाळेत डोकावलो, तो मुले पडवीत बसलेली आणि संगणक आत खोलीत, मेणकापडाखाली. बाई म्हणाल्या, "न गळणारी खोली ही एकच. संगणक भिजले तर तुम्हांला काय सांगणार?" दोष शाळेचा नव्हता. तिला काय हवे हे आम्ही विचारलेच नव्हते.

खाजगी हातांनी सरकारी शाळेला साहाय्य करावे, ही कल्पना आजकाल अगदी नवी म्हणून सांगतात. गोव्याला ती नवी नाही. पोर्तुगीज अमलात पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादींतील मराठी शाळा बहुतांशी गावकऱ्यांच्याच बळावर चालत. देवळाचा सभामंडप नाहीतर कुणाची ओसरी ही शाळा, आणि मास्तरांच्या जेवणाची सोय गावातल्या घरी. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. सगळीकडे इमारती कुठून असणार? त्याच ओसऱ्या आणि तेच मंडप पुन्हा पुढे झाले. पुढे इमारती झाल्या, आणि गावाने हात झटकले. शाळा "सरकारची" झाली. आपल्यापैकी कितीजणांची नातवंडे आज सरकारी शाळेत जातात? हात वर करा असे आम्ही म्हणत नाही. आमचाही हात वर जाणार नाही. पट घटला की शाळा शेजारच्या शाळेत विलीन होते. मग राहतात ती त्यांचीच मुले, ज्यांना दुसरी वाट परवडत नाही.

अशा शाळांना कंपन्यांचा पैसा तारील, असे पुष्कळांना वाटते. डिचोलीने असा पैसा पाहिला आहे. खाणी चालत होत्या तोवर गावांना आणि शाळांना काही ना काही मिळत असे. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबविल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम झाला. मध्यंतरी काही चालू झाल्या, त्या मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते थकले. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे कायद्याचे बंधन आहे. पण नफाच आटला, की हे दोन टक्केही आटतात. म्हणजे गावाला गरज सर्वांत मोठी, तेव्हाच हात आखडतो. यात कंपनीचा दुष्टावा नाही, हिशेबच तसा आहे.

हे आज पेडणेकरांनी ध्यानात घ्यावे. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडत आहेत, आणि तो चालविते ती खाजगी कंपनीच. अशा खर्चात आसपासच्या भागाला अग्रक्रम द्यावा, असेही तोच कायदा म्हणतो. मदत येईल तिला नको म्हणू नये. परंतु तिच्यातून एकदाच करावयाची कामे करून घ्यावीत: छप्पर, स्वच्छतागृह, पाणी. शिक्षक मात्र सरकारकडूनच मागावा. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. जिथे एकच बाई चारही वर्ग सांभाळते, तिथे तुटपुंज्या मानधनावर एखादी मुलगी नेमून आपण सरकारची सुटका करू नये. (तो मोह आम्हांलाही झाला होता.) पालकांबरोबर शिक्षण खात्याचा उंबरठा झिजवावा, ते देणगीपेक्षा कठीण काम आहे.

मग लहान न्यासाने काय करावे? मोठ्यांना न सुचणारे आणि दरवर्षी करावे लागणारे ते. पावसाआधीची शाकारणी, तुटलेली कडी, जळलेला पंप. अशा कामाचा फलक लागत नाही, म्हणून त्याला दाताही मिळत नाही. त्या डिचोलीच्या शाळेची शाकारणी गेल्या वैशाखात आपण केली. मुले खोलीत आली. तीनांपैकी एक संगणक अजून चालतो, आणि चौथीच्या मुली त्यावर आपापली नावे उमटवितात.

पेडणे तालुक्यातील एका शाळेच्या बाईंचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांनी विहिरीवर पंप मागितला आहे आणि तो दरसाल दुरुस्त कोण करणार, असेही विचारले आहे. विश्वस्तांची बैठक येत्या रविवारी आहे. ज्या सभासदांची घरे त्या बाजूला आहेत, त्यांनी त्यापूर्वी आपली नावे द्यावीत.