जामखेडचा दवाखाना आणि आपला पाडा
(शिबिरात झालेलं भाषण)



मागच्या पावसाळ्यात आपण झोळी करून एक बाळंतीण रस्त्यापर्यंत नेली. गाडी येईपर्यंत ती गेली. तेव्हापासून दर बैठकीत एकच मागणी निघते : इथं दवाखाना पाहिजे. पाहिजेच. पण कसला, ते आज बोलू.

तेव्हाच्या नगर जिल्ह्यात वडाळ्याला मिशनचं हॉस्पिटल होतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर नवराबायको तिथं काम करायचे. त्यांनी पाहिलं, बरं करून पाठवलेलं पोर तोच आजार घेऊन परत येतं. कारण घरी पाणी तेच घाण, ताट तेच रिकामं. मग 1970 साली, चर्चच्या मदतीनं, ते जामखेडला गेले. गुरांच्या बंद पडलेल्या दवाखान्यात काम सुरू झालं. (मिशन म्हटलं की आपल्यातले काहीजण बिचकतात. आम्ही म्हणतो, काम बघा.)

लोकांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? लोक औषध म्हणाले नाहीत. पाणी आणि अन्न म्हणाले. दुष्काळात बोअर मारले, तेही दलित वस्तीत. वरच्या आळीला हंडा घेऊन तिकडंच जावं लागलं.

आधी गावोगाव नर्स ठेवल्या, जमलं नाही. मग प्रत्येक गावानं आपलीच एक बाई निवडली. बऱ्याचजणींना अक्षर येत नव्हतं. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, सगळ्या जातींच्या एकत्र जेवायच्या, शिकायच्या. हगवणीला मीठ-साखरेचं पाणी, स्वच्छ बाळंतपण, महारोगाचा चट्टा ओळखणं. अडलेली केस तेवढी हॉस्पिटलात. 1971 साली तिथं जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 वर्षाच्या आत जायची. 1976 साली 52.

आता आपलं. फॉरेस्टच्या नकाशात आपला पाडाच नाही, तर दवाखान्याला जागा कोण दाखवणार? गार्ड उभ्या नागलीत गुरं घालतो, त्या वर्षी आपली पोरं सुकतात. ह्या आजाराला कुठलं इंजेक्शन आहे? म्हणून प्लॉटचा मोर्चा वेगळा आणि दवाखान्याचा वेगळा, असं धरू नका. उपकेंद्राचा अर्ज प्लॉटच्या अर्जाबरोबरच तहसीलवर द्यायचा आहे.

आणि अर्ज मंजूर होईपर्यंत बसून राहायचं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी दर पाड्यानं एका बाईचं नाव आणायचं. शिकलेली नसली तरी चालेल, रात्री हाक मारली तर उठणारी पाहिजे. नाव बायांनीच ठरवायचं, पुरुषांनी नाही. सुईणींनाही सोबत आणा, त्यांच्याकडून आपल्यालाच शिकायचं आहे.