चादर कमरेला नव्हे, खुब्याला

(आरोग्यसेविकांच्या शिबिरात आमच्या दवाखान्यातील परिचारिकेने केलेले भाषण)



डहाणूकडच्या एका पाड्यावरून ताडावरून पडलेल्या भाऊला झोळीत आणलं होतं. बाहेर रक्ताचा थेंब नाही, पण चेहरा पांढराफटक, हातपाय गार. ओटीपोटाभोवतीची हाडांची कडी मोडली की रक्त आतल्या आत वाहतं, कित्येक लिटर. मी घाईने चादर बांधली, ती कमरेला! डॉक्टरांनी ती सोडून खाली बांधली. भाऊ वाचला, पण ती गाठ माझ्या मनातून गेली नाही.

मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरून हाताला लागतं ना, त्या खुब्याच्या हाडावर पट्टा यायला हवा. तयार पट्टा मिळतो, पण पाड्यावर कुठला? चादरीची वीतभर रुंद घडी करा, गुडघ्याखालच्या पोकळीतून सरकवत वर न्या, दोघांनी दोन्हीकडून ओढून घट्ट गाठ मारा. गुडघे आणि पावलंही एकत्र बांधा. हाड जुळवायचं नाही, फक्त हलू द्यायचं नाही. हललं की गोठलेलं रक्त पुन्हा सुटतं. म्हणून दाबून बघू नका, उठवून बसवू नका, कुशीवर लोळवू नका. हे सगळं झोळीत घालण्याआधी. एकाने तोवर १०८ ला फोन लावावा. दवाखान्यात पोचेपर्यंत गाठ सोडू नका, नातेवाईक कितीही म्हणाले तरी.

जुन्या पण मजबूत सुती चादरी आम्हाला हव्या आहेत. प्रत्येक पाड्यावर एक ठेवायची आहे.