चोळण्याची औषधे



गुडघा दुखला की आपण मलम चोळतो. ऊब वाटते, पण पुष्कळदा तो भासच! मिरचीतील कॅप्सेसिन मज्जातंतूंना उष्णतेचा भास देते, मेंथॉल गारव्याचा. हे कोडे उलगडण्याच्या कार्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

गंधपुऱ्याच्या तेलाची गोष्ट निराळी. त्यातील मेथिल सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनच्या कुळातले. कातडीतून ते रक्तात उतरते. पोटात गेले, तर शुद्ध तेलाचा एक लहान चमचा सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिनइतका घातक! म्हणून ते जखमेवर लावू नये, लावल्यावर शेकू नये. आजीच्या उशाजवळची बाटली आज घरी जाऊन उंच फडताळात ठेवलीत, तरी माझे व्याख्यान सार्थकी लागले.